ड्युअल बूटमध्ये सारखी जागा संपते? पार्टिशन हलवण्याआधी हे तपासा

५१२ जीबीचा एसएसडी, त्यावर कंपनीने घालून दिलेलं विंडोज ११, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात कुणाच्या तरी सांगण्यावरून शेजारी बसवलेलं उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे ड्युअल बूटचे लॅपटॉप बहुतेक याच घडणीचे असतात. तक्रारही ठरलेली असते: "उबंटूची जागा संपली, विंडोजची थोडी काढून तिकडे द्या." ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे मोफत अपडेट थांबल्यापासून जुन्या डेस्कटॉपवरही लोक लिनक्स बसवू लागलेत, त्यामुळे ही तक्रार आता फक्त विद्यार्थ्यांची राहिलेली नाही.

काम ऐकायला दहा मिनिटांचं वाटतं. शेताचा बांध सरकवायला तरी कितीसा वेळ लागतो? पण पुढचं निस्तरता निस्तरत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, हद्दीला हात सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या पायऱ्यांतच बहुतेक मशीन मार्गी लागतात आणि त्यांना खर्चही शून्य असतो.

एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

लक्षणं

- उबंटूमध्ये 'लो डिस्क स्पेस'ची सूचना रोज येते, अपडेट अर्धवट थांबतात.
- पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनवरच येते.
- उबंटूतून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात फाइल सेव्ह होत नाही. 'रीड-ओन्ली' असं उत्तर मिळतं.
- विंडोजमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' केलं तर सी मध्ये १५० जीबी मोकळे असूनही जेमतेम ८-१० जीबीच काढता येतात.
- जागा काढली, 'अनअलोकेटेड' दिसतेही, पण उबंटूच्या पार्टिशनला जोडता येत नाही.
- विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मशीन सरळ विंडोजमध्येच जातं, निवडीचा मेनू गायब.
- विंडोज अपडेट 'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' म्हणून नापास होतं.

ही सगळी लक्षणं पार्टिशनची वाटतात, पण त्यांतली निम्मी पार्टिशनची नसतातच.

आधी नक्की काय भरलंय ते बघा

टर्मिनल उघडा आणि 'डीएफ -एच' द्या. यादीत 'लूप' नावाच्या ओळी १०० टक्के भरलेल्या दिसतील. त्या बघून बरेच जण घाबरतात. ती स्नॅप पॅकेजेस, म्हणजे उबंटूवर बसवलेली काही सॉफ्टवेअर, आहेत. ती बंद डब्यासारखी माउंट होतात आणि कायम १०० टक्केच दिसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. आपल्याला तीनच ओळींशी मतलब: '/' म्हणजे रूट (उबंटूची मुख्य जागा), '/होम' (तुमच्या फाइलींची जागा) वेगळं असेल तर ते, आणि '/बूट/ईएफआय' (मशीन सुरू करणाऱ्या फाइली). उबंटू डिस्क एन्क्रिप्ट करून बसवलं असेल तर '/बूट'ही वेगळं दिसेल.

ही तपासणी पहिली का? कारण "जागा संपली" या एका वाक्यामागे चार वेगळे आजार असू शकतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. '/बूट' भरलेलं असताना रूटला ५० जीबी वाढवून दिले तरी अपडेट तसाच अडणार. शिवाय 'डीएफ -आय' हेही बघून ठेवा. क्वचित असं होतं की जागा शिल्लक असते पण आयनोड, म्हणजे फाइलींची नोंद ठेवणारे रकाने, संपलेले असतात. लाखो बारीक फाइली झाल्या की हे होतं. जावास्क्रिप्टचे प्रोजेक्ट करणाऱ्यांच्या 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरांची इथे आठवण काढायला हरकत नाही.

लॉगिनच होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. रूट ठासून भरलं की डेस्कटॉपला स्वतःच्या छोट्या फाइली लिहिता येत नाहीत आणि तो सुरूच होत नाही. अक्षरी लॉगिन मात्र चालतं. इथून १-२ जीबी रिकामे केले की डेस्कटॉप परत येतो. या लक्षणावर सगळं उबंटू पुसून नव्याने बसवणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

मग साफसफाई, म्हणजे फुकटची जागा

कुणी काय खाल्लंय ते 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /' सांगते. यातला 'एक्स' महत्त्वाचा. तो नसेल तर कमांड विंडोजच्या ड्राइव्हमध्येही शिरते आणि आकडे निरर्थक होतात. जास्त जागा दिसेल त्या फोल्डरवर तीच कमांड पुन्हा चालवत खाली उतरत जायचं.

नेहमीचे गुन्हेगार मला आता पाठ झालेत. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' जुने कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) काढून टाकते. सिस्टिमचं जर्नल, म्हणजे तिची नोंदवही, मूळ सेटिंगमध्ये पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत, पण कमाल ४ जीबीपर्यंत वाढू शकतं. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' दिलं की ते आटोपशीर होतं (२०० हा आकडाही इंग्रजीतच टाइप करा). टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारं साधन) लावून ठेवलं असेल आणि त्याचे स्नॅपशॉट त्याच रूटवर जात असतील, तर कितीही जागा दिली तरी पुरणार नाही. ते बाहेरच्या डिस्कवर वळवा. डॉकर वापरत असाल तर त्याच्या इमेज (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) '/व्हार'खाली साठतात, म्हणजे रूटमध्ये. अँड्रॉइड स्टुडिओचा एसडीके आणि एमुलेटरच्या इमेज होम फोल्डरमध्ये साठतात. अलीकडे एक नवा पाहुणा आलाय: घरच्या मशीनवर चालवायला उतरवलेली एआय मॉडेल. मधल्या आकाराचं एकेक मॉडेल ४-५ जीबीचं असतं, आणि ते बसवणारं सॉफ्टवेअर त्यांना बहुधा रूटच्याच पोटात कुठेतरी ठेवतं.

उबंटूची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ५ टक्के जागा 'रूट' नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ९० जीबीच्या पार्टिशनवर हे साडेचार जीबी झाले. 'ट्यून२एफएस -एम १' देऊन ते १ टक्क्यावर आणता येतं, चालू सिस्टिमवरही. पण वेगळ्या '/होम'साठी किंवा डेटासाठीच करा. रूटवर ही राखीव जागा आपत्कालीन दार असते, ती शून्य कधीच करू नका.

एवढ्याने १५-२० जीबी मोकळे झाले आणि महिनाभर टिकले, तर इथेच थांबा. आणि आठवडाभरातच पुन्हा भरलं, तर वाटणीच चुकलेली आहे, पुढे वाचा. हा प्रकार बहुधा २५-३० जीबी दिलेल्यांकडे असतो. उबंटूच्या पानावर २५ जीबी लिहिलेलं असतं, ते वाचून माणूस ३० देतो आणि आपण उदारपणा केला असं त्याला वाटतं. तो आकडा सिस्टिम उभी राहण्याचा आहे, तिच्यावर काम करण्याचा नाही.

डी ड्राइव्ह रीड-ओन्ली: दोष विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चा

विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोज आपला अर्धा संसार डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. त्या गोठलेल्या अवस्थेत सी आणि डी दोन्ही त्याच्या लेखी 'वापरात' असतात. उबंटूला हे कळतं, म्हणून ते लिहायला नकार देतं. नकार देतं हे आपलं नशीब. जबरदस्तीने लिहिलं आणि मग विंडोज आपल्या जुन्या आठवणीसह जागं झालं, तर फाइली बिघडतात.

तपासायची युक्ती फुकट आहे: विंडोजमधून 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा आणि उबंटू निवडा. रीस्टार्टमध्ये हे गोठवणं होत नाही. आता डी वर लिहिता आलं, तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. यात हायबरनेशनही जातं, पण १६ जीबी रॅमच्या मशीनवर साधारण ६ जीबीची फाइल सी वरून नाहीशी होते, तो वरचा फायदा. मोठ्या अपडेटनंतर हे सेटिंग पुन्हा चालू झालेलं दिसू शकतं, तेव्हा तक्रार परत आली तर पहिली नजर इथेच टाका.

तरीही रीड-ओन्लीच राहिलं तर विंडोजमधून त्या ड्राइव्हवर 'सीएचकेडीएसके /एफ' चालवा. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमची, दुरुस्ती विंडोजकडूनच करून घ्यायची. लिनक्सच्या बाजूने फक्त तात्पुरती मलमपट्टी होते.

याच रांगेतली आणखी एक तक्रार येते: घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की भांडण मिटतं. पार्टिशनशी याचा काही संबंध नाही, पण लोक दोन्ही तक्रारी एकत्रच घेऊन येतात.

मेनू गायब: क्रम बदललाय

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रम बदलून विंडोज वर येतं. उबंटू जागच्या जागी असतं. मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप. यादीत 'उबंटू' दिसलं तर निवडा. चालू झालं तर बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन त्याला वर सरकवा, काम झालं.

उलट घडलं, म्हणजे मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, तर ग्रबची, म्हणजे तो मेनू दाखवणाऱ्या बूटलोडरची, २०२१ ची २.०६ आवृत्ती आठवा. तेव्हापासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या ओळीची किंमत 'फॉल्स' करायची आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरातल्या ड्युअल बूट मशीनवर 'शिम एसबीएटी' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन लिनक्स सुरू होईना. हा संदेश आजही जुन्या पेन ड्राइव्हवरून उबंटू बसवताना भेटतो. उपाय नव्या आयएसओचा, म्हणजे उबंटूची ताजी इन्स्टॉल फाइल उतरवून पेन ड्राइव्ह नव्याने बनवण्याचा. पार्टिशन पुसून काहीही होणार नाही.

ईएफआय पार्टिशन: १०० एमबीची खोली

मशीन सुरू करणाऱ्या फाइली ईएफआय पार्टिशनमध्ये असतात. विंडोज स्वतः बसतं तेव्हा ते बहुधा १०० एमबीचंच करतं. उबंटूचा बूटलोडर त्यात सहज मावतो. काही लिनक्स मात्र, उदाहरणार्थ पॉप ओएस, कर्नलसुद्धा याच पार्टिशनमध्ये ठेवतात. मग १०० एमबी पहिल्याच झटक्यात संपतात. लॅपटॉप कंपन्यांच्या फर्मवेअर अपडेटच्या फाइलीही इथेच उतरतात. 'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन'ची तक्रार बहुधा इथूनच येते.

इथे भरलेलं दिसलं तर आधी सगळ्या फाइलींची पेन ड्राइव्हवर प्रत काढा, मग पूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या लिनक्सचं फोल्डर राहिलंय का ते बघा. ते बिनधास्त काढा. 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' या फोल्डरांना हात लावायचा नाही. हे पार्टिशन फॉरमॅट करायचं तर मनातही आणू नका, दोन्ही सिस्टिमचा दरवाजा एकच आहे. मोठं हवंच असेल तर जागा मोकळी करून लिनक्ससाठी ५१२ एमबी ते १ जीबीचं दुसरं ईएफआय पार्टिशन करता येतं. पहिलं ताणत बसण्यापेक्षा ते बरं, कारण त्याच्या उजवीकडे लगेच विंडोजचं राखीव १६ एमबीचं पार्टिशन आणि मग सी असतं, म्हणजे सगळं सरकवावं लागतं.

आता हद्द बदलायची असेल तर

इथून पुढे प्रत्येक गोष्टीत डेटा जाण्याची शक्यता आहे. तीन गोष्टी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एक, बॅकअप, आणि तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नाही. बाहेरच्या डिस्कवर. घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा.

दोन, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. नव्या लॅपटॉपवर तो तुम्ही न सांगताही चालू असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' विचारा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा, लॅपटॉपमध्ये नाही. बायॉसमधलं सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलला तरी ही की मागितली जाऊ शकते. बऱ्याच मुलांचं विंडोजचं खातं दुकानदाराने किंवा मोठ्या भावाने उघडून दिलेलं असतं. ते कुणाचं आहे ते आज शोधा, अडल्यावर नाही. की हरवली तर डेटा गेला. कुठलाही तंत्रज्ञ ती फोडून देऊ शकत नाही, देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तीन, वीज. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे दुपारी वीज जाते हे माहीत असेल, तर हे काम रात्री करा.

नियम साधा: विंडोजची पार्टिशन विंडोजच्या साधनाने आकसायची, लिनक्सची लिनक्सच्या. एनटीएफएस जी-पार्टेडनेही (लिनक्सच्या पार्टिशन साधनाने) आकसता येतं, पण बिटलॉकर असेल तर तिथे अडतंच, आणि नसलं तरी विंडोज स्वतःच्या फाइली जास्त ओळखतं.

'श्रिंक व्हॉल्यूम' कमी जागा देतं कारण सी च्या टोकाजवळ न हलणारी एखादी फाइल बसलेली असते: पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. तिन्ही तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करून बघा. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. तरी अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची डीफ्रॅगची नोंद शोधा, नेमकी कोणती फाइल आडवी आली तिचं नाव त्यात असतं. काम झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर परत चालू करायला विसरू नका.

आणि मग येतो तो प्रश्न ज्यापाशी सगळे अडकतात: जागा मिळाली, पण जोडता येत नाही. नेहमीच्या लॅपटॉपवर पार्टिशनचा क्रम असा असतो: ईएफआय, राखीव, सी, उबंटू, शेवटी विंडोजचं रिकव्हरी. सी आकसलं की मोकळी जागा सी च्या उजवीकडे, म्हणजे उबंटूच्या डावीकडे पडते. ईएक्सटी४ उजवीकडे वाढवणं अगदी सोपं, चालू सिस्टिमवरही होतं, कारण फाइल सिस्टिममधला प्रत्येक पत्ता पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो आणि शेवट लांबला तरी जुने पत्ते बदलत नाहीत. डावीकडे वाढवायचं म्हणजे सुरुवातच सरकते. मग आतला सगळा डेटा एकेक ठोकळा करत उचलून डावीकडे मांडावा लागतो. मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या.

म्हणून मी शक्यतो हलवत नाही. त्या मोकळ्या जागेत नवं ईएक्सटी४ पार्टिशन करतो आणि '/होम' तिथे नेतो. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून उबंटू न बसवताही चालतं) मशीन सुरू करून 'आरसिंक -एएएक्स'ने (पहिला ए लहान, दुसरा ए आणि एक्स मोठ्या लिपीत) जुनं होम नव्या पार्टिशनवर कॉपी करायचं. मग 'बीएलकेआयडी'ने नव्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बघून 'एफएसटॅब' फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना काय जोडायचं त्या यादीत, एक ओळ घालायची, आणि जुन्या होम फोल्डरचं नाव बदलून ठेवायचं. आठवडाभर सगळं नीट चाललं की मगच ते जुनं फोल्डर पुसायचं. यात मूळ डेटा जागचा हलत नाही, त्यामुळे काहीही बिनसलं तरी मागे येता येतं. सुरू होताना मशीन दीड मिनिट एका जागी थांबून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, तर 'एफएसटॅब'मधला यूयूआयडी चुकलाय, एवढाच अर्थ घ्या.

रूटच मोठं हवं असेल, डॉकरमुळे वगैरे, आणि दुसरा इलाज नसेल, तरच लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जी-पार्टेडने सरकवा. पार्टिशनपुढे किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते वापरात आहे. अनमाउंट करा, स्वॅप (रॅमला पूरक जागा) असेल तर 'स्वॅपऑफ'. आधी 'एसजीडिस्क --बॅकअप'ने पार्टिशन टेबलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. फाइल किरकोळ आकाराची असते, पण अडल्यावर तिचं मोल कळतं. 'अप्लाय' दाबल्यावर रद्द करायचं नाही, झाकण मिटायचं नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागतात.

शेवटचं रिकव्हरी पार्टिशन "कशाला हवंय" म्हणून उडवणारे बरेच असतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटला तिथे जास्तीचे २५० एमबी हवे होते आणि ते नसलेल्या मशीनवर तो अपडेट नापास होत राहिला. म्हणजे विंडोजला ते लागतं. राहू द्या.

एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेल्या मशीनचं वेगळं दुखणं आहे. तिथे फक्त चार प्रायमरी पार्टिशन बसतात. पाचवं करू गेलात की विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का विचारतं. नाही म्हणा. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्स बसवणं नाकी नऊ आणतं.

नव्याने बसवत असाल तर

५१२ जीबीचा एसएसडी विंडोजला ४७६ जीबी दिसतो, हिशेब त्यावर करा. माझी वाटणी साधारण अशी: सी ला २००, उबंटूच्या रूटला १००, त्याच्या लगेच उजवीकडे ३० जीबी रिकामे, मग १४० चं एनटीएफएस डेटा पार्टिशन, उरलेले ईएफआय आणि रिकव्हरीला. ते ३० जीबी रिकामे ठेवलेले बघून लोकांचा जीव कासावीस होतो, पण रूट वाढवायची वेळ आली की ते दोन मिनिटांत उजवीकडे जोडता येतात. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन नको, उबंटू फाइल वापरतं. उबंटूमधून हायबरनेट करायचंच असेल तर मात्र रॅमएवढा स्वॅप धरा.

फोटो, पीडीएफ, सिनेमे डेटा पार्टिशनवर ठेवा. कोडचे प्रोजेक्ट तिथे ठेवू नका. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या नीट बसत नाहीत आणि मग भलत्याच एरर शोधत बसावं लागतं.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर बायॉसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' (आरएआयडी) मोडवर असण्याची शक्यता असते. ते सरळ 'एएचसीआय' केलंत तर विंडोज निळ्या स्क्रीनवर जाईल. आधी 'एमएसकॉन्फिग'मधून सेफ बूट लावा, मग बायॉस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या, मग खूण काढा.

कुठे थांबायचं

हार्ड डिस्क टकटक करत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. एकही कमांड नको. 'स्मार्ट' अहवालात, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, 'पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअॅलोकेटेड सेक्टर' वाढताना दिसले, तर पार्टिशनचं कोणतंही काम या डिस्कवर करायचं नाही. जमेल तेवढा डेटा काढून डिस्क बदलायची.

पार्टिशन 'रॉ' दिसू लागलं, किंवा जी-पार्टेड अख्खी डिस्क 'अनअलोकेटेड' दाखवू लागला, किंवा सरकवणं मध्येच थांबलं, तर तिथेच हात वर करा. विंडोज "फॉरमॅट करू का?" विचारेल, 'कॅन्सल' दाबा. पार्टिशन नुसतं यादीतून पुसलं गेलं असेल तर ते बऱ्याचदा परत मिळतं. जीपीटीमध्ये (नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये) टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि टेस्टडिस्कसारखी साधनं हरवलेली हद्द शोधून काढतात. पण एसएसडीवर एकदा फॉरमॅट झालं की ट्रिममुळे रिकामे ठोकळे खरोखर पुसले जातात, मग तज्ज्ञही हात टेकतो. डेटाचा बॅकअप नसेल आणि तो महत्त्वाचा असेल, तर टेस्टडिस्कही स्वतः चालवून बघू नका.

तज्ज्ञाकडे जाताना "फॉरमॅट करून द्या" म्हणून मशीन सोडून येऊ नका. काय केलं होतं, कुठल्या पायरीवर अडलं, बिटलॉकर चालू होता का, की आहे का, आणि कोणती फोल्डर कुठल्याही परिस्थितीत हवीत, हे कागदावर लिहून द्या. मूळ डिस्कवर हात चालवण्याआधी तिची पूर्ण प्रत काढणार का, हे त्याला विचारा. नाही म्हणाला तर दुसरा शोधा.